कलकत्त्यातील इटालियन पान आणि आपली पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरी, मर्ढेकर आणि मराठ्यांचे आरमार अशा विषयांवर व्याख्याने झाली, त्याच व्यासपीठावरून आज आम्ही मॅकरोनीविषयी बोलणार आहो, याचे काही श्रोत्यांस वैषम्य वाटत असेल. परंतु विषय आम्ही निवडलेला नाही. सुवर्णमहोत्सवाचे भोजन कोठे आणि कसे व्हावे यावर कार्यकारिणीत गेले तीन महिने जो खल चालला आहे, त्यातून तो आपोआप पुढे आला. आपल्या तरुण सभासदांची सूचना अशी की, बायपासवरील एका पंचतारांकित हॉटेलात जे इटालियन भोजनगृह आहे तेथे हा समारंभ करावा. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, पन्नास वर्षे ज्या सभागृहात पाने मांडली तेथेच ती मांडावीत. शब्दाने शब्द वाढू लागला तेव्हा असे ठरले की, दोन्ही पक्षांतील मिळून बारा जणांनी त्या ठिकाणी एकदा स्वखर्चाने जेवून यावे आणि सभेला अहवाल द्यावा. अहवालाची जुळवाजुळव करताना आम्ही जुन्या कलकत्त्याच्या इतिहासात थोडे शिरलो, आणि मग अहवालाचे व्याख्यान होणे अपरिहार्य झाले.

आपल्या आजोबापणजोबांना इटली ठाऊक होती ती जेवणाच्या निमित्ताने नव्हे. त्यांची इटली म्हणजे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. १८७५ नंतर सुरेंद्रनाथ बॅनर्जी याच कलकत्त्यात विद्यार्थ्यांपुढे मॅझिनीवर व्याख्याने देत होते, आणि १९०७ साली सावरकरांचे मॅझिनीचरित्र मराठीत निघून सरकारजमा झाले. बंगाल आणि महाराष्ट्र या दोघांनीही इटलीकडून स्वातंत्र्याचे धडे घेतले. परंतु सुरेंद्रनाथांची व्याख्याने रंगत होती त्याच सुमारास, तेथून फार दूर नसलेल्या रस्त्यांवर, एक हाडामांसाचा इटालियन गृहस्थ साहेबलोकांना केक विकत होता. त्याच्याकडे पाहण्याचे आपल्या देशभक्तांना कारण पडले नाही.

या गृहस्थाचे नाव फेदेरिको पेलिती. पिडमाँट प्रांतातील कारिन्यानो गावचा हा मनुष्य तुरिनच्या कलाशाळेत शिल्पकला शिकला आणि पुढे मिठाईच्या धंद्यात शिरला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांस मिठाईकाराची गरज होती. निवड पेलितीची झाली आणि १८६९ साली तो कलकत्त्यास आला. १८७२ च्या फेब्रुवारीत मेयोसाहेबांचा अंदमानात खून झाला. आश्रयदाता गेला म्हणून दुसरा कोणी मायदेशी परतला असता. पेलिती राहिला आणि त्याने स्वतःचे दुकान थाटले. पुढे गव्हर्नमेंट प्लेस ईस्टवरील त्याचे उपाहारगृह शहरातील बड्या साहेबांचे दुपारचे भेटीचे ठिकाण झाले. सिमल्यासही त्याने शाखा काढली. किपलिंगच्या कथांतून ती आढळते. साखरेचे मनोरे आणि पुतळे घडविणे हा त्याच्या हातचा मळ होता, कारण मूळचा तो शिल्पकारच. फावल्या वेळात तो छायाचित्रे काढी, आणि त्या काळच्या हिंदुस्थानचे दर्शन घडविणारा त्याचा संग्रह आज इटलीतील अभ्यासक मोलाचा मानतात.

दुसरे नाव अँजेलो फर्पो यांचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी चौरंगीवर जे भोजनगृह काढले त्याची ख्याती आपल्यातील ऐंशीच्या घरातील सभासदांनी कानांनी ऐकली आहे. एकदोघांनी ते डोळ्यांनीही पाहिले आहे. फर्पोचा पाव, फर्पोचे अनेक पदार्थांचे दुपारचे जेवण, फर्पोची नृत्याची लाकडी जमीन! सत्तरीच्या दशकात शहराचे दिवस फिरले. दिव्यांचा भरवसा राहिला नाही, साहेबी व्यापारी पेढ्या उठल्या, आणि फर्पोही मिटले. त्या जागी आता बाजार आहे. नाव तेवढे उरले.

याहूनही जुना एक इटालियन या शहराच्या जिभेवर अजून आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या तिरेत्ता नावाच्या वेनिसकराने येथे एक बाजार वसविला. तिरेत्ता बाजार हे नाव घेतले की आज कोणालाही आठवतो तो पहाटेचा चिनी फराळ! वाफाळलेले पाव, माशांच्या गोळ्यांचे सूप. बाजाराचे नाव इटालियन, फराळ चिनी, आणि रविवारी पहाटे तेथे गर्दी करणारे बंगाली. असे हे आपले शहर आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा इतिहास सांगितला तो असा. पेलिती आणि फर्पो हे दोघे अस्सल इटालियन. परंतु त्यांची कीर्ती इटालियन स्वयंपाकावर उभी नव्हती. पेलितीचे नाव झाले ते केकांनी, साखरेच्या कारागिरीने आणि साहेबी धर्तीच्या जेवणाने. फर्पोचे झाले ते पावाने, वाद्यवृंदाने आणि त्या काळच्या ऐटीने. खाद्यपत्रिकेला फ्रेंच नावांचा साज आणि पोट इंग्रजांचे, अशी त्या जमान्याच्या उंची भोजनगृहांची रीत होती. आपल्या आईच्या हातचे जे कारिन्यानोत रोज शिजत असेल, ते पेलितीने व्हाइसरॉयच्या टेबलावर मांडले नाही. आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. परक्या गावी पोट भरायचे तर गिऱ्हाइकाला जे भारदस्त वाटते तेच विकावे लागते. पुढे पार्क स्ट्रीटवर १९५६ साली मोकॅम्बो निघाले, त्याच्या आगेमागे आणखी भोजनगृहे निघाली, आणि कलकत्त्याने 'काँटिनेंटल' या एका शब्दाच्या गाठोड्यात सारा युरोप बांधला. त्या गाठोड्यात एका कोपऱ्यात स्पॅगेटीही असे. पण ती पांढऱ्या सॉसात बुडालेली, मऊ, आणि आपण कुठल्या गावचे हे विसरलेली.

खुद्द इटलीतही 'इटालियन स्वयंपाक' ही वस्तू जुनी नाही. देश एक झाला १८६१ साली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९१ मध्ये, पेल्लेग्रिनो आर्तुसी या व्यापाऱ्याने पदरमोड करून एक पाकपुस्तक छापले, आणि बोलोन्याची गृहिणी नेपल्सच्या गृहिणीचा पदार्थ त्या पुस्तकातून शिकली. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली. या सभागृहातील किती घरांत तिची मसाल्याचे डाग पडलेली, पुठ्ठा सुटलेली प्रत आहे, हे हात वर करून विचारण्याची गरज नाही. सासरी कलकत्त्यास आलेल्या मुलीच्या ट्रंकेत पैठणीखाली ती असायचीच.

त्या गावोगावच्या इटलीला कलकत्त्यात खऱ्या अर्थाने प्रवेश मिळाला तो अगदी अलीकडे. नेपल्सच्या ॲनामारिया फोर्जोने यांनी आधी काठमांडूत आणि मग चौरंगीवर आपल्या शहराचा पिझ्झा आणला. ज्या चौरंगीवर फर्पोंनी साहेबांना साहेबी जेवण वाढले, तिच्यावरच एका इटालियन बाईने शंभर वर्षांच्या आत आपल्या गावचे जेवण आपल्या गावच्या नावाने वाढले. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. कलकत्त्याच्या दुर्गापूजेस तेच स्थान २०२१ साली मिळाले. बडी हॉटेलेही मग मागे राहिली नाहीत. अशाच एका हॉटेलात आम्ही बारा जण एका रविवारी दुपारी दाखल झालो.

बारा जणांत कोण होते हे सांगणे अहवालाच्या दृष्टीने आवश्यक आहे. सेक्टर पाचमधील संगणक कंपन्यांत काम करणारे चौघे तरुण. बँक, विमा व बंदर यांतून निवृत्त झालेले पाच जण. आणि बहूबाजारातील गलाई व्यावसायिक कुटुंबातील तिघे. सोनेचांदी गाळण्याचा हा धंदा करणारी विटा, खानापूर, आटपाडीकडची कुटुंबे हिंदुस्थानभर पसरली आहेत हे आपण जाणताच. आपल्या मंडळाचा तो कणा आहे. त्या तिघांत एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. त्यांना न्यावे की नाही यावरही मतभेद झाले होते.

पहिली अडचण पदार्थांची नव्हती, क्रमाची होती. इटालियन भोजनात आधी तोंडी लावण्याचे प्रकार, मग पास्ता किंवा भात, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड, असे एकामागून एक येते. बंगाली माणूस येथे मुळीच गोंधळत नाही, कारण त्याचेही जेवण शुक्तोपासून चटणी-पापड-मिष्टीपर्यंत पायरीपायरीने चढते. आपले तसे नाही. आपले पान म्हणजे आधी पूर्ण मांडलेले चित्र. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, आणि सारे मांडून झाल्यावर श्लोक म्हणून हात लावायचा. आजी पहिल्या बशीला हात न लावता बसून राहिल्या. बाकीचे येऊ दे, म्हणाल्या. निवृत्तांपैकी एका काकांनी त्यांना हळूच समजावले की, आजी, येथे बाकीचे हे संपल्याशिवाय येत नाही. "मग चव कशाशी लावायची?" हा त्यांचा प्रश्न आम्हांला भोजनशास्त्रावरील कित्येक लेखांपेक्षा नेमका वाटला.

दुसरी अडचण चीजची. शाकाहारी सभासदांसाठी हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अस्सल पार्मेसान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, नियमानुसार वासराच्या जठरातील द्रव्याने दूध साकळून करतात. दुसरे द्रव्य वापरले तर त्यास ते नावच लावता येत नाही. तेव्हा पास्त्यात मांस नाही म्हणून तो शाकाहारी ठरत नाही. आम्ही विचारले. वाढप्याला ठाऊक नव्हते. त्याने थापा न मारता आत जाऊन विचारले आणि येऊन सांगितले की, शाकाहारी पदार्थांसाठी तेथे निराळे चीज वापरतात, ते जनावराच्या द्रव्याने केलेले नसते. येथे बंगालची आठवण होते. छाना करताना दूध आंबटाने फाडतात, आणि त्यामुळे संदेशाबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिरामिसू नावाच्या गोड पदार्थात परंपरेने अंडे असते आणि बहुधा मद्यही. हेही ध्यानात असावे.

एरवी जेवणाविषयी आमचे मत अनुकूल आहे. लाकडाच्या भट्टीतील पिझ्झा, कडेला फुगून काळे ठिपके पडलेला, मध्ये पातळ. तो भाकरीच्या जातीचा पदार्थ आहे, आणि भाकरीप्रमाणेच तव्यावरून वा भट्टीतून उतरताक्षणी खायचा असतो. रिसोतो हा भात ढवळून ढवळून त्याचे पिठूळ सत्त्व रसात उतरवलेला. आपल्याकडे आजाऱ्याला जो गुरगुट्या देतात त्याचा श्रीमंत चुलतभाऊ. पास्ता शिजविण्याची त्यांची कसोटी अशी की तो दाताला कळला पाहिजे. आपण भात बोटचेपा मागतो, ते दातचेपा मागतात, एवढाच भेद. टोमॅटोचा मात्र त्यांनी जो उत्कर्ष केला आहे त्याला तोड नाही. हे फळ अमेरिकेतून त्यांच्याकडेही परकेच आले. आपल्या विदर्भात ते भेदरे झाले, बंगालमध्ये विलायती बेगुन झाले, आणि दोन्हीकडे बरीच वर्षे त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले.

आणि मग सूप आले. स्वच्छ भाजीचा रस, आणि त्यात गव्हाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते, पिठाचे दाणे. आजींनी चमच्यात एक दाणा घेतला, दिव्याकडे धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हे तर गव्हले!"

शेजारच्या टेबलावरील मंडळी वळून पाहू लागली. तरुण सभासद क्षणभर संकोचले, हे आम्ही नमूद करतो. परंतु आजी थांबल्या नाहीत. हे यंत्राचे आहेत, सगळे एकसारखे आहेत, हाताचे असे नसतात, म्हणून त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत गव्हला वळून दाखवला. वाढप्याने आत जाऊन काय सांगितले कोण जाणे, पण पाच मिनिटांत स्वतः मुख्य आचारी बाहेर आले. हे गृहस्थ बंगाली, वय चाळिशीच्या आतबाहेर. ते आजींच्या खुर्चीपाशी वाकून म्हणाले, "मासिमा, आणखी एकदा दाखवा." वाढप्याने आतून मळलेल्या कणकेचा गोळा आणला. आजींनी चार वळले. आचाऱ्यांनी दोन वळले. ते जाड झाले. आजींनी ते मोडले.

त्या पदार्थाला इटलीत ओर्झो म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ सातू. त्यांनी सातूच्या दाण्यावरून नाव दिले, आपण गव्हाच्या. आचाऱ्यांनी विचारले की, तुमच्याकडे असे आणखी आकार आहेत काय? आजींनी मालत्या सांगितल्या, नखुले सांगितले, शेवया सांगितल्या. लग्नघरी मुहूर्ताला सुवासिनी गव्हले कशा वळतात, ते सावलीत कसे वाळवतात आणि रुखवतात कसे मांडतात ते सांगितले. आमच्यातील एकाने बंगालीत भाषांतर केले. मध्येच खपली गव्हाचा विषय निघाला. सांगली-कोल्हापूरकडे ज्या खपलीची खीर होते, तिलाच इटलीत फारो म्हणतात आणि तिचे सूप करतात, हे आचाऱ्यांकडून कळले तेव्हा खानापूरच्या त्या तिघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

पण त्यानंतर आचाऱ्यांनी जे विचारले त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते म्हणाले, "मी याच शहरात लहानाचा मोठा झालो. शाळेत माझ्या बाकावर मराठी मुलगा होता. तुमच्या गणपतीला मी कितीदा आलो आहे. हे कधी खाल्ले कसे नाही?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नावर आम्ही परतीच्या वाटेवर गाडीत फार बोललो नाही, आणि आज म्हणून बोलतो आहो. बंगालने आपल्याविषयी काय काय ऐकले आहे? १७४२ पासूनच्या स्वाऱ्यांत बर्गी आले, ते अंगाईगीतात जाऊन बसले, आणि कलकत्तेकरांनी त्यांच्या भयाने खंदक खणला. पुढे ज्या वर्षी पेलिती येथे आला त्याच वर्षी, १८६९ साली, सखाराम गणेश देऊस्कर जन्मले. बंगालीत लिहिणाऱ्या या मराठी माणसाने शिवछत्रपती बंगालच्या घरोघरी नेले, आणि १९०६ साली शिवाजी-उत्सवासाठी लोकमान्य येथे आले. इतिहास दिला, उत्सव दिला, राजकारण दिले. बंगालने उलट रसगुल्ला आणि संदेश दिला, इतका की आपल्याकडच्या गावोगावी 'बंगाली मिठाई' अशी पाटी असते. लेक मार्केटच्या आसपास दाक्षिणात्यांनी इडलीडोसा रुजवला. तिरेत्ता बाजारात चिन्यांनी आपला फराळ मांडला. आपण काय मांडले? मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांतून आम्ही समारंभांच्या खाद्यपदार्थांच्या नोंदी काढल्या. बंगाली पाहुणे ज्या ज्या वेळी होते त्या त्या वेळी लुची, छोलार डाळ, फिश फ्राय, चॉप आणि राजभोग! पाहुण्यांना रुचावे म्हणून. पुरणपोळी होती ती आपल्याआपल्यातल्या पंगतीला. पेलितीने व्हाइसरॉयसमोर जे केले तेच आपण केले. त्याला निदान धंदा होता.

याचा परिणाम बाहेर झाला तसा घरातही झाला. गव्हले हाताने वळणाऱ्या स्त्रिया आज आपल्या सभासदकुटुंबांत किती, याची आम्ही चौकशी केली. तीन. तिघीही पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ज्या मुलाबाळांनी हॉटेलचा आग्रह धरला त्यांच्यापैकी एकीने आम्हांला खाजगीत सांगितले की, घरी पाहुणे आले की आई आपले जेवण साधे म्हणून बाजूला ठेवते, मग आम्हीही तसेच शिकलो. हे ऐकल्यावर तरुणांवर रागावण्याचा ज्येष्ठांचा अधिकार किती उरतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता पैशाचे. बारा जणांचे बिल करासह चौतीस हजारांच्या घरात झाले. माणशी सुमारे अठ्ठावीसशे. चारशे पाने धरली तर अकरा लाखांच्या पुढे जाते. ही रक्कम वर्गणीने जमेलही, परंतु बहूबाजारात भट्टीवर काम करणारा, महिन्याकाठी गावी पैसे धाडणारा सभासद चौघांच्या कुटुंबासह तेथे येणार नाही. आणि तो कारण न सांगता येणार नाही, म्हणून ते आम्ही सांगतो. दुसऱ्या बाजूने हेही सांगतो की, ते जेवण महाग असले तरी दिखाऊ नव्हते. ज्याला परवडते त्याने आपल्या आईवडिलांना एकदा तेथे अवश्य न्यावे. आमच्यातील ज्या निवृत्त काकांनी तारुण्यात फर्पोच्या दारावरून रोज ट्रामने जाताना एकदाही आत पाऊल टाकले नव्हते, ते तिरामिसू खाताना काही वेळ गप्प बसले होते.

आमची शिफारस कार्यकारिणीने परवाच्या बैठकीत मान्य केली आहे. भोजन सभागृहातच, पंगतीने. पाने चारशे, त्यांपैकी शंभर बंगाली शेजाऱ्यांसाठी. फिश फ्राय नाही. कोकणातल्यांनी सोलकढी व फणसाची भाजी, खानदेशकरांनी वांग्याचे भरीत, वऱ्हाडकरांनी वडाभात, खानापूर-आटपाडीकरांनी खपलीची खीर, अशी वाटणी झाली आहे. गव्हल्यांची खीर मंडळाची. पदार्थांची नावे मराठीत आणि बंगालीत लिहून प्रत्येक पानापाशी ठेवण्याचे काम तरुण सभासदांनी आपण होऊन घेतले आहे. हॉटेलच्या पक्षाचे पुढारी त्यातही पुढे आहेत.

आजींचा हिशेब असा की, चारशे पानांना बारा किलो रवा लागेल. तो मळून, वळून, सावलीत वाळवून व्हायला तीन आठवडे हवेत, आणि हात किमान चाळीस. पुढील रविवारपासून दुपारी दोन ते पाच येथेच चटया टाकल्या जातील. शिकू इच्छिणाऱ्या मुलींनी, आणि मुलग्यांनीही, दाराशी ठेवलेल्या वहीत नावे लिहावीत. पहिले नाव त्या हॉटेलातील आचाऱ्यांचे आहे. त्यांना सोमवारी सुटी असते, तेव्हा सोमवारचीही एक बैठक ठेवावी असा त्यांचा निरोप आहे.